हेअर ट्रान्सप्लांट करणार असाल तर आधी मागचे केस मोजा

गेल्या वर्षी जानेवारीत मी पुण्यात हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं. वय 39, कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात नोकरी, मूळ गाव आजऱ्याजवळ. हे आधीच सांगतो, कारण पुढे हिशोब आणि भातशेती दोन्ही येणार आहेत. माझ्या डोक्यात आत त्याच दोन गोष्टी भरलेल्या आहेत. बाहेरून काय झालं, ते सांगायला हे लिहितोय.

माझ्या डोक्याबद्दल पहिलं खरं मत आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्यानं दिलं. पंधरा वर्षं तो माझे केस कापतोय. मागे आरसा धरून म्हणाला, "साहेब, मागं दाट हाय, पर ती काय खाण न्हवं. उपसत बसला तर मागनंबी दिसंल." नंतर मी तीन ठिकाणी पैसे भरून सल्ला घेतला. तिघांपैकी एकाच डॉक्टरांनी हीच गोष्ट त्यांच्या भाषेत सांगितली, आणि त्यांच्याकडेच मी करून घेतलं.

या शस्त्रक्रियेत नवा केस तयार होत नाही, हे आधी पक्कं डोक्यात घ्या. आहे तोच केस मुळासकट मागून काढून पुढे लावतात. पुरुषांचं नेहमीचं टक्कल पडतं ते डीएचटी नावाच्या संप्रेरकामुळे. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून ते बनतं. ज्यांची जनुकं तशी आहेत त्यांच्या पुढच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं त्यानं हळूहळू बारीक होत जातात. मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातल्या केसांना त्याचा फारसा त्रास होत नाही. म्हणूनच पूर्ण टकलू माणसाच्याही डोक्याला मागून झालर राहते. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिलं, की मागचा केस पुढे लावला तरी त्याचा मागचा स्वभाव कायम राहतो. हा सगळा धंदा त्या एका निरीक्षणावर उभा आहे.

आमच्याकडे भाताचा तरवा, म्हणजे रोपं, एका वाफ्यात टाकतात आणि मग उपटून चिखलात लावतात. वाफा एवढासा असतो, शेत मोठं असतं. तरवा कमी पडला तर लावण विरळ करायची किंवा एखादं वावर सोडून द्यायचं, तिसरा मार्ग नसतो. डोक्याचं तसंच आहे, फक्त इथे तरवा आयुष्यात एकदाच टाकलेला असतो.

आता आकडे. केस एकेकटे उगवत नाहीत. एका छिद्रातून एक ते चार केसांचा झुबका येतो. त्या झुबक्याला मुळासकट काढलं की तो एक ग्राफ्ट. म्हणजे 2,000 ग्राफ्ट हे साधारण 4,000 केस झाले. जाहिरातीत "5,000" लिहिलेलं दिसलं तर आधी विचारा, केस की ग्राफ्ट? मागच्या भागातून आयुष्यभरात सुरक्षितपणे निघू शकतात ते बहुतेकांच्या बाबतीत 4,000 ते 6,000 ग्राफ्ट, काहींचे त्याहून कमी. माझा पुढचा रिकामा भाग डॉक्टरांनी मोजला तो सुमारे 60 चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला 40 ग्राफ्ट धरले की 2,400 झाले. नैसर्गिक घनता याच्या जवळपास दुप्पट असते, पण निम्म्या घनतेलाही डोकं भरलेलं दिसतं, डोळा फसतो. टाळूवरचं चक्र भरायचं म्हटलं असतं तर आणखी दीड-दोन हजार गेले असते आणि पन्नाशीत आणखी केस मागे सरकले तर हातात काही उरलं नसतं. म्हणून चक्र सोडून दिलं. कर्ज विभागात असल्यामुळे मला हे लगेच पटलं. ठेव मोडायची तर पुढची वीस वर्षं बघून मोडावी.

माझा भाचा 22 वर्षांचा आहे. माझं ठरल्यावर तोही मागे लागला. डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं. या वयात केस कुठपर्यंत जाणार हेच कळत नाही. आज कपाळाचे कोपरे भरले आणि तिशीत त्यामागचे केस गेले, तर पुढे एक पट्टा आणि मागे मोकळं मैदान असा प्रकार होतो. टक्कल किती पडलंय हे सांगायला डॉक्टर नॉरवूडचं माप वापरतात, त्यात सात पायऱ्या आहेत. मी चौथीवर होतो. तुमची पायरी तर विचाराच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वडील आणि मामा साठीत कितव्या पायरीवर होते ते आठवा. घरातला लग्नाचा अल्बम इथे उपयोगी पडतो.

केस गळण्याचं कारण वेगळं असेल तर ट्रान्सप्लांटचा प्रश्नच नाही. डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, ते बहुतेक आपोआप परत येतात. थायरॉइड, अंगात लोह कमी असणं, ही कारणं रक्ततपासणीत सापडतात. गोल चकते पडत असतील तर ती चाई. तिच्यावर औषधं आहेत, आणि चाई चालू असताना लावलेले केसही ती खाऊ शकते. बायकांचे केस बऱ्याचदा सगळीकडून सारखे विरळ होतात, मागचेही. त्यांनी तर त्वचारोगतज्ज्ञाकडून कारण शोधल्याशिवाय क्लिनिकची पायरी चढू नये.

आता क्लिनिक निवडण्याबद्दल. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माणूस फसतो तो इथेच.

पहिल्या ठिकाणी मला पांढरा कोट घातलेल्या बाई भेटल्या. अर्धा तास त्यांनी माझ्या कपाळावर पेन्सिलीनं रेघा ओढल्या, "अनलिमिटेड ग्राफ्ट, 65 हजार, आज बुक केलं तर 55" असं सांगितलं. डॉक्टर कुठे आहेत विचारल्यावर कळलं की त्या समुपदेशक आहेत आणि डॉक्टर "ऑपरेशनच्या दिवशी येतात". मग शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांचा कागद पुढे आला. मी आयुष्यभर असेच कागद दुसऱ्यांपुढे सरकवत आलोय, त्यामुळे सवयीनं आधी प्रोसेसिंग फी बघितली. व्याज तिथेच बसलं होतं. अनलिमिटेड हा शब्द थाळीला ठीक आहे. मागचे केस मोजून असताना तो कुणी वापरला तर तिथून उठावं.

विचारायचं ते एवढंच: भूल कोण देणार, पंच (ग्राफ्ट काढायचं पोकळ हत्यार) कोणाच्या हातात असणार, छिद्रं कोण पाडणार, आणि पूर्ण वेळ डॉक्टर खोलीत असणार का. ग्राफ्ट मोजणं, वेगळे करणं, पाडलेल्या छिद्रांत बसवणं यात सहायक मदत करतात, पण कापाकापी डॉक्टरांचीच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत बघून किंवा यूट्यूबवर शिकून हे करता येत नाही, इतक्या स्पष्ट शब्दांत त्यात लिहिलंय. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का, ते मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकावरून पडताळता येतं. मी पडताळलं. जामीनदाराची कागदपत्रं तपासतो तशी.

ऑक्सिजन, अॅड्रेनालिनचं इंजेक्शन आणि तातडीची वेळ आलीच तर जवळचं हॉस्पिटल कोणतं, हेही विचारा. विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. मार्च 2019 मध्ये मुंबईत 43 वर्षांच्या एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला होता. एकाच लांबलेल्या बैठकीत नऊ हजारांच्या वर केस लावल्याचं तेव्हा छापून आलं होतं. असं क्वचित होतं, पण भुलीच्या औषधाला मर्यादा असते आणि अंगाला चालणारं औषध कुणाला कधी चालत नाही हे सांगता येत नाही. एका दिवसात सगळं उरकण्याचा हट्ट धरू नये.

पैशाचं सांगतो. मला दर ग्राफ्टला 45 रुपये पडले. 2,350 ग्राफ्टचे 1,05,750. त्यावर 18 टक्के जीएसटी, 19,035. एकूण 1,24,785. एरवी दवाखान्याच्या सेवेला जीएसटी लागत नाही, पण हेअर ट्रान्सप्लांट त्या सवलतीतून नाव घेऊन वगळलेलं आहे, त्यामुळे सांगितलेली रक्कम करासहित आहे का ते आधी विचारा. "बिल नको असेल तर कर नाही" असं कुणी म्हणालं तर उद्या तक्रार करायला तुमच्याकडे कागद नसेल. आरोग्य विम्यातून यातला रुपया मिळत नाही. पुण्यात तीन रात्री राहणं, औषधं, रक्ततपासण्या आणि रजा हा खर्च वेगळा.

पद्धती दोन. एफयूटीमध्ये मागून कातडीची पट्टी काढून टाके घालतात, त्याचा आडवा व्रण राहतो. एफयूईमध्ये साधारण मिलिमीटरभर व्यासाच्या पोकळ पंचानं एकेक ग्राफ्ट काढतात, त्याचे बारीक ठिपके राहतात. "व्रण अजिबात नाही" हे खरं नाही, ठिपका हाही व्रणच. माझं एफयूई झालं. नावापुढे सफायर, डायमंड, रोबो असं काय काय लावून दर वाढवतात. निकाल हातावर अवलंबून असतो, विशेषणावर नाही.

कपाळावरची रेघ ठरवताना मी कॉलेजचा फोटो नेला होता. डॉक्टर हसले. भुवयांच्या मधोमध चार बोटं ठेवून म्हणाले, याच्या खाली नाही. वीस वर्षांच्या मुलाची रेघ पंचावन्नच्या चेहऱ्यावर टोपीसारखी दिसते, आणि तेवढं खाली यायला ग्राफ्टही भरपूर खर्च होतात. अगदी पुढच्या ओळीत एकेक केसाचेच ग्राफ्ट लावतात, तेही थोडे वाकडेतिकडे. लावणीत दोरी धरून रोप लावलं तर शेत देखणं दिसतं, कपाळावर तेच केलं तर बाहुलीचं डोकं दिसतं.

आता तयारी. रक्ततपासण्या (हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी) आठवडाभर आधी करून ठेवा. तंबाखू, सिगारेट, दारू आधीच बंद. अॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारा. बीपीची गोळी नेहमीप्रमाणे घ्यायची. पुढे बटणं असलेला शर्ट घाला. टी-शर्ट डोक्यावरून काढताना काय होईल याचा विचार सकाळी कुणी करत नाही. एक मानेखाली घ्यायची गोल उशी आणि दोन जुने टॉवेल न्या. डोकं रिकामं नसून भरलेलं आहे हे सतत सांगायला सोबत एक माणूसही न्या. माझ्यासोबत माझा मेहुणा होता.

थंडीत करा, असं मी सांगेन. घाम कमी येतो आणि लग्नसराई मागे-पुढे टाळता येते.

त्या दिवशी सकाळी सातला गेलो. उपाशी राहायचं नसतं, भूल फक्त डोक्यापुरती असते, म्हणून पोहे खाऊन गेलो. फोटो, मार्करनं रेघ, सहीचे कागद. मग मशीननं सगळं डोकं उतरवलं. आरशात बघितलं तर आमचे आजोबा.

दुखतं का? हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. भुलीच्या सुया दुखतात. मागच्या बाजूच्या मी निभावल्या, पण कपाळावरच्या सुयांना डोळ्यांतून आपोआप पाणी आलं. हा सगळा त्रास मिळून दहा-पंधरा मिनिटांचा. त्यानंतर डोकं दुसऱ्याचं झाल्यासारखं वाटतं. या वेळी तोंडाभोवती बधिरपणा, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण, चक्कर, अंगाला खाज, श्वास कोंडणं, यातलं काहीही जाणवलं तर "बघू जरा वेळ" करत गप्प पडून राहू नका, लगेच सांगा.

मग पालथं झोपवलं, तोंड भोकातून खाली. तीन तास पंचाचा टिकटिक आवाज कवटीतून ऐकू येत होता. वेदना नाही, पण आवाज विचित्र, वाळलेल्या कणसाचे दाणे खुडल्यासारखा. मान अवघडते. लघवीला मधे उठता येतं, मी लाजून एकदा दाबून धरली, ते करू नका. काढलेले ग्राफ्ट गार सलाईनच्या ताटल्यांत पन्नास-पन्नासच्या रांगांनी मांडून ठेवतात. जेवणाच्या सुट्टीत मी त्या बघायला मागितल्या. काळे ठिपके, खाली पांढरट मूळ. थेट तरव्याच्या पेंढ्या. मोजणीची शीटही दाखवायला सांगा. एक केसाचे किती, दोनचे किती, तीनचे किती, सगळं लिहिलेलं असतं. आपण पैसे मोजलेत, त्यांनी केस मोजून दाखवावेत.

वरणभात खाऊन उताणं. डॉक्टरांनी छिद्रं पाडली. केस कोणत्या दिशेला पडणार, कोणत्या कोनात उगवणार, हे सगळं इथे ठरतं, त्यामुळे हा तास शांतपणे जाऊ द्या, गप्पा मारू नका. नंतर दोघींनी चिमट्यानं एकेक ग्राफ्ट बसवला. मला दोनदा झोप लागली. संध्याकाळी पाच वाजता मागे पट्टी, पुढे सगळं उघडं आणि वर एक सैल टोपी घालून मी स्वारगेटजवळच्या लॉजवर पोहोचलो.

पुढचे दहा दिवस काम तुमचं आहे, आणि त्यात चूक झाली तर डॉक्टर काही करू शकत नाहीत. पहिल्या रात्री उशीवर गुलाबी पाणी सांडतं, घाबरू नका, त्यासाठीच ते जुने टॉवेल. पाच-सहा रात्री अर्धवट बसून झोपायचं, 45 अंशांत. मी तिसऱ्या रात्रीपर्यंत वैतागलो होतो. दर थोड्या वेळानं सलाईनचा फवारा. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तिसऱ्या दिवशी क्लिनिकमध्येच पहिलं धुणं झालं. ते बघून, शिकून, मगच कोल्हापूरला निघालो. पहिली धार मगानं, शॉवर नाही, चोळायचं नाही, शाम्पूचा फेस वरून ठेवून द्यायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते. याबद्दल मला सांगितलेलं होतं तरी सकाळी उठल्यावर डोळेच उघडेनात. मुलगी म्हणाली, "बाबा, मधमाश्या चावल्या?" दोन दिवसांत ती आपोआप ओसरली. ताप, वाढत जाणारं दुखणं, पू किंवा काळी पडत जाणारी कातडी मात्र आपोआप जायची वाट बघू नये, फोन करावा.

वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही, खाजवायचं नाही. सातव्या दिवसापासून जी खाज सुटते तिला तोड नाही. आठव्या दिवशी संक्रांत होती. तिळगूळ द्यायला येणाऱ्या मोठ्यांना वाकून नमस्कार करता येईना. मी उभ्यानंच हात जोडत होतो आणि आई प्रत्येकाला "त्याच्या डोक्याचं काम केलंय" असं सांगत होती. लोक काय समजले असतील ते समजले असतील.

हेल्मेटचं आधी कुणी सांगत नाही. निदान दोन आठवडे हेल्मेट नाही, आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवायची नाही, म्हणजे दुचाकीच नाही. मी रिक्षानं गेलो. गाडीच्या दाराची चौकट, स्वयंपाकघरातल्या फडताळाचा कोपरा, लहान मुलाचा हात, हे त्या दिवसांतले शत्रू. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भिजवून, बोटाच्या पेरानं हळूहळू खपल्या सोडवायच्या. खपलीसोबत केस येतो. तो फक्त वरचा दांडा असतो, मूळ तोवर आत धरलेलं असतं.

रजा मी बारा दिवसांची काढली होती, पंधराची काढायला हवी होती. आपल्याकडे पुरुषानं गोटा केला की लोक एकच अर्थ काढतात. वडील ओट्यावर पेपर वाचत बसलेले असताना शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "काय झालं ओ तुमच्यात?" म्हणून ऑफिसात मी तिरुपतीला जाऊन आलो असं सांगायचं ठरवलं. हरिप्रिया एक्स्प्रेस इथूनच सुटते, सगळ्यांना पटण्यासारखं होतं. पहिल्या पाच मिनिटांत शिपायानं विचारलं, "साहेब, लाडू?" माझ्याकडे लाडू नव्हता. दुपारपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत दोन सहकारी केबिनमध्ये येऊन दार लोटून दर विचारून गेले.

यानंतरचा काळ सगळ्यात वाईट, आणि तो ऑपरेशनपेक्षा लांबतो. तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळायला लागले. दीड महिन्यात जवळजवळ सगळे गेले. त्यांच्या शेजारचे माझे जुने केसही धक्क्यानं काही पडले, म्हणजे मार्चमध्ये मी ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाईट दिसत होतो. बायको काही बोलली नाही, पण तिनं पावतीची फाइल कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. शेतात वाढलेला असूनही मला आठवायला दोन आठवडे लागले, की लावणीनंतर रोप आधी माना टाकतं, पिवळं पडतं. चिखलात मूळ धरलं की मगच पात हिरवी होते. केसाचं मूळ आत विश्रांती घेत असतं. या काळात क्लिनिकवाले "बूस्टर"चे पाच-सहा डोस विकायला बघतात. घ्यायचेत की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्यांच्याशिवायही केस येतात, माझे आले.

साडेतीन महिन्यांनी पहिले कोंब. बारीक, वाकडे, काही तर जावळासारखे. सोबत डोक्यावर पुरळ येतं, केस कातडीतून वर येताना होतं ते. फोडायचं नाही. पाच-सहा असतील तर चालतं, खूप असतील तर दाखवायचं. मागच्या बाजूचा बधिरपणा मला चार महिने होता. सहाव्या महिन्यात निम्मं पीक दिसलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावी लावणीला गेलो तेव्हा पावसाचं पाणी डोक्यावरून थेट डोळ्यांत आलं नाही, केसांत अडलं. किती वर्षांनी. पूर्ण निकालाला वर्ष लागतं, टाळूवर केलं असेल तर दीड वर्षही लागू शकतं. त्याआधी क्लिनिकशी भांडायला जाऊ नका. दर महिन्याच्या एक तारखेला एकाच खिडकीत, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

एक विषय क्लिनिकमध्ये घाईत उरकतात, तो औषधांचा. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्यामागचे तुमचे जुने केस गळतच राहतात. ते थांबवायला बहुतेक पुरुषांना फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी आणि मिनॉक्सिडिल सुचवतात. दोन्ही जुनी औषधं आहेत. अमेरिकेत टकलासाठी मिनॉक्सिडिलला 1988 मध्ये आणि या गोळीला 1997 मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही चालू आहेत तोवरच उपयोग. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर आधी थोडे केस गळतात, तेही अपेक्षित. गोळीनं थोड्या पुरुषांना लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, मन खिन्न होणं असे त्रास होतात. लाज न बाळगता डॉक्टरांशी बोलून मगच ठरवा आणि बायकोलाही सांगा. घरात कुणी गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला तिनं हात लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. प्रोस्टेटसाठी पीएसए तपासणी कराल तेव्हा ही गोळी चालू असल्याचं सांगा, आकडा खोटा कमी येतो. गोळी चालू असताना रक्तदान करता येत नाही, बंद केल्यावरही निदान महिनाभर थांबायचं. आमच्या संस्थेच्या शिबिरात दरवर्षी पहिली बाटली माझी असायची. यंदा मी नावं लिहून घ्यायला बसलो.

तेराव्या महिन्यात तपासणीला गेलो. डॉक्टरांनी भिंग लावून मोजलं, पुढचं काम चांगलं धरलं होतं. चक्रासाठी पुढेमागे दीड हजार काढता येतील म्हणाले. मी तूर्त नको म्हटलं.

त्याच्या आधी, नवव्या महिन्यात, सलूनवाल्यानं नव्या केसांना पहिल्यांदा कात्री लावली होती. पुढे काहीच बोलला नाही. मग नेहमीप्रमाणे मागे आरसा धरला, बोटानं केस वर करून बारीक पांढरे ठिपके दाखवले आणि मशीनचं पातं बदलत म्हणाला, "आता मागं तीन नंबरच्या खाली न्हाई. दुसऱ्या कुठल्या सलूनात गेलासा तर आधी सांगा त्येला."